गाडीतल्या रेडिओचे पुढे काय होणार?

गेल्या अंकात एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी लिहिले होते, की नवी मोटार घेण्यापूर्वी तिच्यात रेडिओचा ट्यूनर, म्हणजे हवेतून येणारी केंद्रे पकडणारा भाग, आहे की केवळ मोबाइल जोडण्याची सोय आहे, हे पाहून घ्यावे. त्या एका वाक्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी गेल्या वर्षी २०१८ सालची एक वापरलेली मोटार घेतली. तिच्या रेडिओवर एएम निवडले की पडद्याच्या कोपऱ्यात ‘डीआरएम’ अशी अक्षरे दिसतात. दिवसा तिथे काहीच लागत नाही. एकदा रात्री अकराच्या पुढे विजापूर रस्त्याने घरी येताना अचानक एका केंद्राचे नाव उमटले, अगदी स्वच्छ आवाजात चार-सहा वाक्ये ऐकू आली आणि पुन्हा सगळे शांत झाले. हा काय प्रकार आहे? त्यासाठी वर्गणी भरावी लागते का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वर्गणी लागत नाही. आपल्या गाडीत जो रेडिओ आहे, तो आपल्या देशात लाखो मोटारींतून फिरतो आहे आणि त्यांतल्या बहुतेक मालकांना त्याची कल्पनाही नाही. म्हणून आपल्या पत्राला सविस्तर उत्तर देतो.

डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ मोंदिआल. मध्यम (गाडीच्या संचावर ज्यांना एएम म्हणतात त्या) आणि लघुलहरींवरून पूर्वापार चालत आलेले प्रक्षेपण डिजिटल करण्यासाठी १९९८ मध्ये जगभरातल्या प्रसारण संस्थांनी एकत्र येऊन ही पद्धत हाती घेतली आणि २००३ मध्ये तिचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. आकाशवाणीने हीच पद्धत स्वीकारली आणि मध्यम लहरींची सुमारे ३५ प्रक्षेपण यंत्रे तिच्यासाठी सज्ज केली. त्यांत राजकोटच्या १,००० किलोवॅटच्या यंत्रासारखी प्रचंड ताकदीची यंत्रेही होती. २०१७ च्या सुमारास मारुती सुझुकी, ह्युंदाई आणि महिंद्र यांच्या काही मोटारींत डीआरएम घेणारे संच कारखान्यातूनच बसून येऊ लागले. आपली गाडी त्याच काळातली आहे.

आपल्याला रात्री जे ऐकू आले, त्याचे कारण आकाशात आहे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात एक असा थर तयार होतो, जो मध्यम लहरी शोषून घेतो. त्यामुळे दिवसा त्या जमिनीलगत जेवढ्या जातील तेवढ्याच जातात. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आपल्या वडिलांच्या पिढीने रात्री उशिरा रेडिओ सिलोन आणि परदेशी केंद्रे ऐकली, तीही आकाशातून परतून आलेल्या लहरींवरच. सोलापूरचे आकाशवाणी केंद्र डीआरएमच्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला मिळाले ते दूरच्या एखाद्या मोठ्या केंद्राचे प्रक्षेपण. ते चार-सहा वाक्यांनंतर तुटले, कारण परावर्तित लहर क्षणाक्षणाला कमी-जास्त होते. जुन्या एएमवर असे झाले की आवाज खाली जातो, खरखर वाढते, पण शब्द कळत राहतात. डिजिटलमध्ये मधली अवस्था फारशी नसते: संचाला पुरेसे आकडे मिळाले तर आवाज काचेसारखा स्वच्छ येतो आणि थोडे कमी पडले तर पूर्ण शांतता पसरते.

आता मूळ मुद्दा. ही पद्धत गुणांनी कमी आहे म्हणून मागे पडली, असे मला वाटत नाही. पूर्ण डिजिटल प्रक्षेपणात एकाच लहरीवर चारपर्यंत सेवा बसवता येतात, आवाजाबरोबर बातमीचा मजकूर पाठवता येतो, वीज बरीच कमी लागते आणि आपत्तीचा इशारा देण्याची सोयही मुळातच धरलेली आहे. परंतु आपल्याकडे बहुतेक केंद्रांवरून जुने एएम आणि नवे डिजिटल शेजारी-शेजारी, म्हणजे एकाच यंत्रातून दोन्ही, असे प्रक्षेपण दिवसाचा बहुतेक वेळ चालत राहिले. एएमचे श्रोते तुटू नयेत हा त्यामागचा विचार योग्यच होता. मात्र त्यामुळे डिजिटलच्या वाट्याला ताकदीचा लहान हिस्सा आला, आणि ऐकायला मिळाला तो बहुतांशी तोच कार्यक्रम, जो एएमवर चालू होताच. नवे काही ऐकायला मिळत नसेल तर घरासाठी नवा संच कोण घेईल? शिवाय संच बाजारात फारसे आले नाहीत. जे आले ते महाग होते. संच नाहीत म्हणून खास कार्यक्रम नाहीत आणि कार्यक्रम नाहीत म्हणून संचांना गिऱ्हाईक नाही, असे ते वर्षानुवर्षे चालले.

मोटारींनी खरे तर हे कोडे सोडवले होते. ग्राहकाने वेगळे पैसे मोजले नाहीत, तरी संच त्याच्या हाताशी आला. इथेच सर्वांत मोठी संधी हातची गेली. मी स्वतः काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका विक्री दालनात गाडी पाहताना विक्रेत्याला या अक्षरांचा अर्थ विचारला. त्या तरुणाने प्रामाणिकपणे माहितीपुस्तिका काढली, आम्ही दोघांनी मिळून ती चाळली आणि त्या पुस्तिकेत एएम-एफएमच्या पानावर एका ओळीपलीकडे काही सापडले नाही. जी वस्तू विकणाऱ्याला माहीत नाही, ती घेणाऱ्याला कशी कळावी? त्या तरुणाचा दोष नव्हता. प्रसारकांनी आणि मोटार कंपन्यांनी मिळून लोकांना ‘आपल्या गाडीत हे आहे, असे लावा, यावर हे ऐका’ एवढे सांगायला हवे होते, आणि ते पुरेशा जोरात कधीच सांगितले गेले नाही. याच काळात, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला, गाडीतल्या पडद्यावर मोबाइल जोडून चालवण्याच्या अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले या सोयी आल्या, आणि गाणी मोबाइलवरून वाजू लागली. डीआरएमच्या वाट्याला जी दहा वर्षे यायची, ती इंटरनेटने घेतली.

आपण एवढे करून पाहावे: रात्री नऊनंतर, शहराबाहेर, विजेच्या उच्चदाब तारांपासून दूर गाडी थांबवावी, एएमवर संचाला आपोआप केंद्रे शोधू द्यावीत आणि एखाद्या लहरीवर अक्षरे दिसू लागली की पाच-दहा सेकंद थांबावे, कारण डिजिटल केंद्र जुळायला तेवढा वेळ लागतो. इंजिन बंद ठेवून चावी फक्त रेडिओपुरती फिरवल्यास आणखी बरे.

प्रश्न : मी होटगी रस्त्याला राहते आणि नोकरीसाठी रोज गाडीने बार्शीला जाते. जाताना दीड तास, येताना दीड तास. शहराबाहेर पडल्यावर थोड्या वेळाने एफएमची खरखर सुरू होते, म्हणून मी मोबाइलवर आकाशवाणीचे अ‍ॅप लावते, तर वैरागच्या अलीकडे-पलीकडे ते अडकते. यात डेटा किती जातो आणि अडकणे कसे टाळावे? — एक वाचिका

उत्तर : आधी डेटाचा हिशेब. प्रवाहाचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट धरला तर तासाला सुमारे २९ मेगाबाइट जातात. आपले रोजचे तीन तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर महिन्याला साधारण सव्वादोन जीबी होतात. १२८ किलोबिटच्या चांगल्या प्रतीच्या प्रवाहाला याच्या दुप्पट, म्हणजे साडेचार जीबीच्या आत डेटा लागतो. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या पॅकमध्ये हे सहज बसते, त्यामुळे आपली अडचण पैशाची नाही, रस्त्याची आहे.

धावत्या गाडीतला मोबाइल एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जात राहतो. शहरात टॉवर जवळजवळ असल्यामुळे ही अदलाबदल कळत नाही. बार्शीच्या रस्त्यावर दोन गावांच्या मध्ये रान पसरलेले असते, टॉवरमधले अंतर वाढते, आणि जो टॉवर मिळतो त्यावर आसपासच्या सगळ्या वस्तीचा भार असतो. अ‍ॅप पुढचे काही सेकंद साठवून ठेवते. ती शिदोरी संपेपर्यंत नवा टॉवर मिळाला नाही, की आवाज थांबतो आणि पडद्यावर वर्तुळ फिरू लागते. माझा स्वतःचा अनुभव तुळजापूर रस्त्याचा आहे. एकदा तामलवाडी ओलांडल्यावर शेजारच्या आसनावरचा मोबाइल बातम्यांच्या मधोमध थांबला. मी एफएम लावला, तर त्यावर खरखरीतून का होईना, निवेदिकेचा शब्द न् शब्द कळत होता. घाट जवळ आला तसा तोही पुसट होत गेला, पण जाता जाता बातमीपत्र संपवून गेला. एफएमची लहर साधारणपणे सरळ रेषेत जाते. मनोऱ्याची उंची आणि जमिनीचा चढ-उतार यांवर तिची हद्द ठरते. ती हद्द ठरलेली असल्यामुळे आपल्याला कुठे सोडायचे आणि कुठे पुन्हा धरायचे हे पाठ होते. मोबाइलचे तसे होत नाही. एकाच वळणावर एक दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवशी अडकतो.

अडकणे कमी करण्यासाठी तीन गोष्टी करून पाहाव्यात. अ‍ॅपमध्ये आवाजाची प्रत निवडता येत असेल तर कमी प्रत ठेवावी. गाडीच्या आवाजात बातम्या आणि चर्चा यांना ती पुरते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये बॅटरी वाचवण्याची जी सोय असते, ती या अ‍ॅपपुरती बंद करावी, कारण पडदा काळा झाला की बरेच मोबाइल मागे चालू असलेली अ‍ॅप झोपवतात आणि दोष मात्र नेटवर्कवर जातो. तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे: जे कार्यक्रम थेट ऐकण्याची गरज नाही, म्हणजे मुलाखती, कथावाचन, व्याख्याने, ते रात्री घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवावेत. वैरागच्या आसपासच्या कोरड्या पट्ट्यात तेच लावावेत आणि थेट बातम्यांसाठी शहराच्या बाजूला एफएम व बार्शीच्या बाजूला अ‍ॅप असा मेळ घालावा. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर या अ‍ॅपवर देशभरातल्या दोनशेहून अधिक सेवा मिळतात. वैरागच्या माळावर कोहिमाचे किंवा थिरुवनंतपुरमचे केंद्र लावता येणे, ही इंटरनेटची देणगी आहे आणि ती मी कमी लेखत नाही.

हे सर्व गाडी सुरू करण्यापूर्वी जुळवून ठेवावे. स्टिअरिंग हातात असताना मोबाइलला हात लावू नये.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात चाळीस वर्षे काम केले. तिथे मागांच्या खडखडाटातही कोपऱ्यात रेडिओ चालू असे. आता मुलाने विजेवर चालणारी गाडी घेतली आहे आणि तिच्यात फक्त मोबाइल जोडून ऐकायची सोय आहे. तो म्हणतो, ‘बाबा, नॉर्वेने एफएम बंदसुद्धा केला, आपल्याकडेही होईल.’ हे खरे आहे का? आणि प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट असताना रेडिओच्या मनोऱ्यांची गरज तरी उरली आहे का? — एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांची माहिती बरोबर आहे, पण ती अर्धी आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये देशव्यापी केंद्रांचे एफएम प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केले, हे खरे. मात्र त्याच्या जागी त्यांनी इंटरनेट आणले नाही. त्यांनी डॅब नावाचे डिजिटल प्रक्षेपण आणले, जे मनोऱ्यांवरूनच होते आणि फुकटच ऐकता येते. नॉर्वेनेच १९९५ मध्ये जगातले पहिले नियमित डॅब प्रक्षेपण सुरू केले होते, म्हणजे बावीस वर्षे तयारी करून मग त्यांनी एफएम सोडला. छोटी स्थानिक केंद्रे तर त्यानंतरही एफएमवर राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या शेवटच्या दिवशी एफएम बंद केला आणि तिचे श्रोते घटले, त्यामुळे तिथे एफएम टिकवावा अशी मागणी पुढे आली. उलट आयर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२१ मध्ये डॅबच बंद केले, कारण खर्च होता आणि ऐकणारे थोडे होते. ब्रिटनने एफएम किमान २०३० पर्यंत चालू ठेवायचे ठरवले आहे. युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरपासून असा नियम केला, की रेडिओ असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत मनोऱ्यावरून येणारा डिजिटल रेडिओ ऐकण्याची सोय हवीच. ज्या देशांत इंटरनेट आपल्याहून कितीतरी आधी गावोगाव पोहोचले, तिथेही हा नियम करावासा वाटला, हे लक्षात घ्यावे.

आपल्या देशात एफएम बंद करण्याची तारीख ठरलेली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात खासगी डिजिटल रेडिओविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत सुरुवात तेरा मोठ्या शहरांपासून सुचवली आहे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर त्यांत आहेत. एफएम आणि डिजिटल दोन्ही एकाच वेळी चालवावेत आणि जुने प्रक्षेपण केव्हा थांबवायचे हे पुढे प्रगती पाहून ठरवावे, असे त्यांत म्हटले आहे. सोलापूर त्या तेरांत नाही. याचा अर्थ आपला एफएम एवढ्यात जात नाही, ही समाधानाची बाजू. आणि डिजिटल रेडिओ आपल्यापर्यंत यायला वेळ लागणार, ही दुसरी. तोपर्यंत या भागातल्या गाड्यांतून ट्यूनरच गेले, तर प्रक्षेपण आले तरी ऐकायचे कशावर, ही माझी खरी काळजी आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच शहरातून देता येईल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा होम मैदानाच्या आसपास मोबाइल लावून पाहावा. आषाढीला पंढरपुरात वाळवंटावर उभे राहून घरी फोन लावून पाहावा. टॉवर जागेवर असतात, वीज असते, सिग्नलच्या रेघाही पूर्ण दिसतात, पण फोन लागत नाही, कारण मोबाइलच्या जाळ्यात प्रत्येकाला त्याचा वेगळा तुकडा द्यावा लागतो आणि माणसे लाखांनी जमली की तुकडे पुरत नाहीत. इंटरनेटवरचा रेडिओ याच पद्धतीने येतो: दहा हजार श्रोते म्हणजे दहा हजार वेगळे प्रवाह. मनोऱ्यावरच्या रेडिओचे तसे नाही. देवळातली घंटा जशी दहा जणांनी ऐकली काय आणि दहा हजारांनी ऐकली काय, वाजवणाऱ्याचे श्रम तेवढेच, तसे प्रक्षेपण श्रोत्यांच्या संख्येने थकत नाही. मोबाइलच्या टॉवरवरूनही सर्वांना एकदम लेखी इशारा पाठवण्याची सोय आता आली आहे आणि ती चांगलीच आहे. पण तो इशारा म्हणजे चार ओळी असतात. कोणता पूल बंद, कोणता रस्ता चालू, पाणी किती चढले, निवारा कुठे, हे तासन् तास सांगत राहणे आवाजालाच जमते.

आपण १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट विसरला नसाल. किल्लारीचा धक्का सोलापुरातही घराघरांत जाणवला आणि लोक अंगणात, रस्त्यावर येऊन बसले. त्या दिवशी दूर कुठे काय झाले आहे हे बऱ्याच घरांना रेडिओवरूनच कळले. अलीकडचे सांगायचे तर २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. अशा वेळी गाडीत अडकलेल्या माणसाजवळ बॅटरीवर चालणारा, डेटा न मागणारा, मोबाइलचे चार्जिंग न खाणारा संच असणे ही चैन आहे, असे मला कधीच वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वयाच्या श्रोत्यांना पटेल. वर्ल्डस्पेस नावाची उपग्रह रेडिओची सेवा भारतात २००० च्या सुमारास आली. लोकांनी तिचे खास संच घेतले, वर्गणी भरली, आणि कंपनीचे दिवाळे निघाल्यावर ३१ डिसेंबर २००९ ला सेवा थांबली. ज्या सेवेसाठी ते संच घेतले होते, तीच गेल्यामुळे त्या कामासाठी ते त्याच दिवशी निरुपयोगी झाले. अ‍ॅपवरच्या रेडिओलाही ही टांगती तलवार आहे: अ‍ॅप बंद झाले, मोबाइल जुना ठरला, नाव-नंबर नोंदवल्याशिवाय ऐकू न देण्याचा नियम आला, तर आपल्या हातात काही नसते. चाळीस वर्षांपूर्वीचा एफएमचा संच मात्र अजून एफएम ऐकवतो, आणि आपण काय ऐकता, केव्हा ऐकता, याची नोंद कुठे ठेवत नाही.

गाडी विजेची आहे म्हणून एएम नसणे समजण्यासारखे आहे. अशा गाडीतल्या मोटरला वीज पुरवणारी यंत्रणा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, तिचा विद्युत गोंधळ नेमका मध्यम लहरींत मिसळतो आणि तो रोखण्यासाठी जास्तीचे आवरण व जुळणी लागते. परदेशात काही कंपन्यांनी याच कारणाने एएम काढला. अमेरिकेत फोर्डने २०२३ मध्ये नव्या गाड्यांतून एएम काढण्याचा विचार केला, त्यावर लोकप्रतिनिधींनी आपत्कालीन सूचनांचा मुद्दा लावून धरला आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. एफएमला मात्र या गोंधळाचा त्रास पुष्कळ कमी असतो, त्यामुळे तो न देण्याला हे कारण पुरत नाही. चिरंजीवांच्या गाडीसाठी सध्याचा सोपा उपाय म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात सेलवर चालणारा एक छोटा एफएम संच ठेवावा. महिन्यातून एकदा तो लावून पाहावा आणि सेल काढून ठेवावेत, म्हणजे ते गळून संच खराब होत नाही.

प्रश्न : क्रिकेटचे धावते वर्णन गाडीत मोबाइलवर ऐकताना चौकातल्या पानाच्या दुकानातले लोक आधी ओरडतात आणि मला षटकार नंतर कळतो. दोष मोबाइलचा की अ‍ॅपचा? — एक वाचक, सात रस्ता

उत्तर : दोष कोणाचाच नाही. इंटरनेटवर थेट आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून ते पाठवले जातात, आणि अडकू नये म्हणून अ‍ॅप दोन-तीन तुकडे हाताशी जमवून मगच वाजवू लागते. त्यामुळे अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त उशीर होतो. एफएमवर तेच वर्णन चालू असेल तर तो उशीर जवळजवळ नसतो.

प्रश्न : माझे गाड्यांच्या विद्युत कामाचे छोटे दुकान आहे. गिऱ्हाईक मूळ संच काढून मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड संच बसवून घेतात आणि आठवड्याने येऊन म्हणतात, की एफएम पूर्वीसारखा लागत नाही. काही जण तर रेडिओची गरजच नाही, एरियलची वायर सोडून द्या, म्हणतात. काय सांगावे? — एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : आपले पत्र वाचून बरे वाटले, कारण गाडीतला रेडिओ टिकायचा की नाही, हे शेवटी आपल्यासारख्यांच्या हातातल्या पकडीवर ठरते.

एफएम कमजोर होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण वायरिंगमध्ये सापडते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत छतावरचे एरियल आखूड असते, शार्कच्या पंखासारखे, आणि त्याच्या तळाशी सिग्नल वाढवणारा एक छोटा अँप्लिफायर बसवलेला असतो. त्याला १२ व्होल्ट लागतात. मूळ संच ते आपोआप पुरवत होता. बाहेरचा संच बसवताना एरियलची निळी वायर जोडायची राहिली, किंवा त्या गाडीला लागणारा वीजपुरवठ्याचा जोड मध्ये घातला नाही, तर अँप्लिफायर बंद राहतो. मग शहरात मनोऱ्याच्या जवळ रेडिओ ठीक वाजतो, आणि मोहोळकडे दहा-वीस किलोमीटर गेले की गिऱ्हाइकाला वाटते, स्टेशनच कमजोर झाले. संच बसवल्यावर दुकानाच्या दारात एफएम लावून दाखवण्याऐवजी गाडी शहराच्या टोकाला बाळे भागाच्या पुढे नेऊन पाहिली तर हा दोष तिथेच कळतो.

दुसरे कारण नंतर लावलेल्या वस्तू. स्वस्त मोबाइल चार्जर, डॅशकॅम आणि एलईडी दिवे यांच्या आतला वीज बदलणारा भाग नीट झाकलेला नसेल तर तो रेडिओत खरखर घालतो. तपासायची रीत सोपी आहे: एफएमवर थोडे लांबचे केंद्र लावावे आणि एकेक वस्तू काढत जावे, ज्या क्षणी आवाज निवळतो, त्या क्षणी हातात असलेली वस्तू दोषी. वस्तू बदलणे शक्य नसेल तर तिची वायर एरियलच्या वायरीपासून दूर न्यावी आणि तिच्यावर फेराइटची, म्हणजे विद्युत खरखर शोषणारी, कडी चढवावी.

तिसरे, त्या पडद्यांतल्या काहींचा ट्यूनरच हलका असतो. तो दुकानात दुरुस्त होत नाही. म्हणून विकत आणण्यापूर्वी एक नमुना आपल्याच गाडीत बसवून तुळजापूर रस्त्याने नेऊन पाहावा; ज्या संचावर एफएम सर्वांत लांबपर्यंत टिकतो, तो ठेवावा. मूळ संच डीआरएमचा असेल तर गिऱ्हाइकाला ते आधी सांगावे, कारण बाहेरच्या संचात ती सोय सहसा नसते, आणि काढलेला संच त्याच्या हवाली करावा.

जे एरियलची वायर सोडून द्या म्हणतात, त्यांची वायर तरीही जोडावी. तिला वेगळे पैसे लागत नाहीत, जोडायला दोन मिनिटे लागतात, आणि डॅशबोर्ड एकदा बसवला की ती वायर पुन्हा हाताशी येण्यासाठी तो सगळा उघडावा लागतो.